कंपनीचा विमा साठीला संपतो, सरकारी कार्ड सत्तरीला येतं

फोंडा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५७, कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत सुपरवायझर, निवृत्तीला दोन वर्षं आठ महिने बाकी. कंपनीच्या गटविम्यात ते आणि पत्नी (वय ५२) मिळून ३ लाखांचं संरक्षण, हप्ता कंपनी भरते. ७८ वर्षांच्या आईसाठी वेगळं २ लाखांचं संरक्षण आहे. त्यात प्रत्येक बिलातला २० टक्के वाटा घरच्यांनी भरायचा आणि हप्त्यापोटी वर्षाला ३१,००० रुपये त्यांच्या पगारातून कापले जातात. यांना मधुमेह, पत्नीला थायरॉइड. आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्र सरकारचं, सत्तरीवरच्यांसाठी) चवथीच्या आधी काढून झालं. घरात दीनदयाळ कार्डही (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं) आहे, पण दोन वर्षं त्याचं नूतनीकरण केलेलं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला.

त्यांचा प्रश्न असा: "आईचे ३१,००० बंद करू का? आम्हा दोघांना दीनदयाळ आहे, गोमेकॉ (बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) आहे, मग आणखी पॉलिसी कशाला? आणि घ्यायचीच झाली तर निवृत्त झाल्यावर घेतली तर नाही का चालणार?" सोबत एजंटाने दिलेले दोन वार्षिक हप्ते आहेत. नवराबायको मिळून ५ लाखांची साधी पॉलिसी ३७,००० रुपये. आणि पहिले ३ लाख सोडून त्यावरचे १५ लाख देणारी सुपर टॉप-अप १६,५०० रुपये.

नमस्कार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे वेळ हातातून निसटतोय. नाही, निवृत्तीनंतर चालणार नाही. जे काही घ्यायचं ते याच महिन्या-दोन महिन्यांत घ्या.

कारण मधुमेह. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी प्रतीक्षाकाळ लावते, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचं बिल ती देत नाही. तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असावा, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवलं. त्याआधी चार वर्षांपर्यंत लावता येत असे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं अशा ठरावीक गोष्टींनाही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आज पॉलिसी घेतलीत तर हा सगळा काळ कंपनीच्या विम्याच्या आडोशाला निघून जाईल. मधल्या काळात काही झालंच तर गटविमा आहे, आणि गटविम्यात सहसा जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. साठीला घेतलीत तर त्रेसष्टीपर्यंत मधुमेहातून उद्भवलेल्या प्रत्येक दुखण्याचं बिल तुमच्या खिशातून. शिवाय साठीला तुमची साखर आजच्यापेक्षा बरी असेल याची हमी तुमचे डॉक्टरही देणार नाहीत.

तुमच्या बाबतीत तीन वर्षांना चार महिने कमी पडतात. म्हणून प्रतीक्षाकाळ दोन वर्षांचाच असलेली, किंवा थोडा जादा हप्ता घेऊन तो कमी करून देणारी पॉलिसी मिळते का ते एजंटाला विचारा. मिळाली नाही तर चार महिन्यांची फट राहील. ती मला चालेल.

एचआरमधून कुणीतरी सांगेल की निवृत्त होताना गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि प्रतीक्षाकाळाची मुरलेली वर्षंही सोबत नेता येतात. सोय खरी आहे. पण अर्ज तपासून हप्ता वाढवण्याचा किंवा नकार देण्याचा अधिकार विमा कंपनीकडे राहतो, आणि त्या मुरलेल्या वर्षांचा फायदा जुन्या ३ लाखांपुरताच. हा दुसरा दरवाजा म्हणून लक्षात ठेवा, एवढंच.

आता 'कशाला' हा प्रश्न. वय वंदना कार्डाने सगळ्यांचा हिशेब थोडा बिघडवला आहे. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी केंद्राने ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण दिलं. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात, आणि खासगी विमा किंवा ईएसआय (कामगार राज्य विमा) असलेल्यांनाही ते मिळतं. मोठी गोष्ट आहे, पण ती सत्तरीनंतरची. कार्ड त्या व्यक्तीपुरतं असतं, सत्तरीच्या आतल्या जोडीदाराला त्यातलं काही मिळत नाही. म्हणजे तुम्ही साठीला बाहेर पडल्यावर तुम्हाला दहा वर्षं काढायची आहेत. पत्नीला पंधरा. तुमचं पत्र सगळं तुमच्या मधुमेहाबद्दल आहे, पण गटविमा संपतो तेव्हा त्याही त्याच दिवशी बाहेर पडतात, आणि तेव्हा त्या पंचावन्नच्या असतील. या निर्णयात जास्त काळ त्यांचा गुंतलेला आहे.

ही मधली वर्षं गोव्यात तरी अगदीच उघडी नाहीत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला, तिघांपर्यंत असतील तर वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. वर्षाची नोंदणी २०० किंवा ३०० रुपये. ज्यांना सरकारी नोकरीतूनच वैद्यकीय सवलत आहे त्यांना ती नाही. तुम्ही खासगीत आहात, तुम्हाला आहे. आणि तुम्ही दोन वर्षं नूतनीकरण केलेलं नाही! आईच्या नावाने ३१,००० कापून घेणारा माणूस २०० रुपयांचं काम टाळतो, हे माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांतलं चित्र आहे. या आठवड्यात जाऊन करून घ्या आणि कार्डावर नेमकी किती माणसं आहेत तेही बघा. मुलाचं नाव त्यात असेल तर अडीच की चार लाख, हा फरक तिथेच पडतो.

मात्र या योजनेत यादीतल्याच उपचारांना आणि यादीतल्याच इस्पितळांत पैसे मिळतात, आणि प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. तुमच्या पसंतीच्या खासगी इस्पितळात साडेसहा लाखांचं बिल झालं तर त्यातले अडीच दीनदयाळ भरेल आणि उरलेले विमा कंपनी, असा हिशेब डोक्यात धरू नका. दोन खासगी पॉलिसींचं तसं होतं. एकीची मर्यादा संपली की शिल्लक रक्कम दुसरीकडून मागता येते, कुठली आधी वापरायची तेही आपण ठरवतो, फक्त बिलापेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही. सरकारी योजनेची वाट वेगळी आहे. दाखल होतानाच ठरवायचं, कार्डावर की विम्यावर.

गोमेकॉबद्दल लोक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. बांबोळीला गर्दी आहे, रांग आहे, जनरल वॉर्डात बाजूच्या खाटेवरचा माणूस रात्रभर कण्हतो, सगळं मान्य. पण हृदयाची अँजिओप्लास्टी, मेंदूची शस्त्रक्रिया तिथे रोज होते. फोंड्याच्या माणसाला तासाभराच्या आत एवढं मोठं सरकारी इस्पितळ गाठता येतं, हे देशातल्या फार थोड्या तालुक्यांच्या नशिबी आहे. तुमच्या हिशेबात गोमेकॉला किंमत द्यायलाच हवी, आणि ती दिली की माझं उत्तर एजंटाच्या उत्तराहून वेगळं येतं.

एजंट ३७,००० ची पॉलिसी पुढे करणार. तुमचं पीएफचं पेन्शन महिन्याला ३,६०० येईल असं तुम्ही लिहिता. वर्षाचे झाले ४३,२००. म्हणजे पेन्शनमधले सहा हजार सोडून बाकी सगळं विम्यात. तेही आजच्या दराने. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. पण १० टक्क्यांनीच वाढत गेला तरी ३७,००० चे दहा वर्षांत ९६,००० होतात. पेन्शन तेवढंच राहतं. अशी पॉलिसी माणूस ६६-६७ व्या वर्षी, नेमकी गरज जवळ आल्यावर, सोडून देतो. तोवर भरलेले पाच-सहा लाख गेले.

म्हणून मी सुपर टॉप-अप घेईन. पहिले ३ लाख आपले, त्यावरचे १५ लाख विमा कंपनीचे. आज त्या पहिल्या तीन लाखांच्या जागी कंपनीचा गटविमा अगदी बरोबर बसतो. निवृत्तीनंतर त्या जागी तुमची स्वतःची ठेव येईल. ग्रॅच्युइटीचे चार लाखांच्या आसपास मिळतील म्हणता, त्यातले तीन बाजूला काढा. एकच मोठी ठेव करू नका, पन्नास-पन्नास हजारांच्या सहा करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल. हे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालू नका. ती योजना पीएफच्या रकमेसाठी चांगली आहे, पण पाच वर्षांच्या आधी मोडली तर दंड बसतो. आणि ३७,००० वजा १६,५००, म्हणजे दरवर्षी वाचणारे २०,५००, तेही याच खात्यात जाऊ देत. हप्ता याचाही वाढेल. दहा वर्षांनी ४२-४३ हजार होईल, तेवढ्यावर पेन्शन संपेल, हे लपवत नाही. पण त्यानंतर तीन वर्षांच्या आत तुम्हाला वय वंदना कार्ड मिळेल. तेव्हा फक्त पत्नीपुरती पॉलिसी ठेवायची का, हे नव्याने ठरवता येईल.

छोटं दुखणं गोमेकॉत किंवा दीनदयाळवर. मधलं, जिथे घाई आहे किंवा खासगी डॉक्टरच हवा आहे, ते ठेवीतून. घर विकायला लावणारं असेल ते टॉप-अपवर. एक बारीक गोष्ट: गोमेकॉत फुकट झालेला उपचार त्या तीन लाखांत मोजला जाणार नाही, कारण तिथे तुम्ही बिलच भरलेलं नसतं. आणि घेताना 'सुपर' शब्द पॉलिसीवर आहे ना, बघून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये दर वेळी दाखल झाल्यावर तीन लाख वेगळे मोजतात, सुपरमध्ये वर्षभराची सगळी बिलं एकत्र धरतात. मधुमेहवाल्याला वर्षात दोनदा दाखल व्हावं लागणं नवीन नाही.

आणखी एक दर मागवा: एकत्र पॉलिसीऐवजी दोघांच्या दोन. एकत्रित पॉलिसीचा हप्ता मोठ्याच्या वयावर ठरतो, तुमच्या घरी पाच वर्षांचं अंतर आहे. आणि एजंटाच्या कागदावर १८ टक्के जीएसटी जोडलेला असेल तर कागद जुना आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

अर्जात मधुमेह लिहा, थायरॉइड लिहा, गोळ्यांची नावं लिहा. "नाही लिहिलं तरी चालतं" म्हणणारा एजंट दावा नाकारला जाईल तेव्हा फोन उचलणार नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही, हे खरं. पण ती पाच वर्षं आधी निघावी लागतात.

आता आई. ३१,००० भरून २ लाखांचं बिल झालं तर हाती १,६०,०००. म्हणजे दर पाच वर्षांत एकदा एवढं मोठं बिल झालं तर तुमचे पैसे फिटतात, आणि हे संरक्षण तर पावणेतीन वर्षांत तुमच्याबरोबरच संपणार. त्यांचं वय वंदना कार्ड ५ लाखांचं आहे. घरात सत्तरीवरचं दुसरं कुणी नाही, म्हणजे सगळे त्यांचेच. तुम्ही नव्या करपद्धतीत आहात, त्यामुळे या हप्त्यावर प्राप्तिकरात वजावटही नाही. बंद करा, असंच माझं मत.

पण आज नको. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे असं तुम्ही लिहिलंय. तो चालू वर्षाच्या विम्यातच उरकून घ्या, हप्ता कापला गेलेलाच आहे. नूतनीकरणाच्या आधी १४५५५ वर फोन करून किंवा आयुष्मानच्या ॲपवर बघून फोंडा, पणजी, मडगावातली कुठली इस्पितळं यादीत आहेत ते कागदावर लिहून ठेवा. आईला जिथे न्याल असं तुम्हाला वाटतं ते इस्पितळ त्यात नसेल, आणि गोमेकॉत न्यायची घरच्यांची तयारीही नसेल, तर हे ३१,००० मनःशांतीचे म्हणून भरा, मी अडवणार नाही. एकदा नाव काढलं की आईवडिलांना पुन्हा गटविम्यात घेत नाहीत, बहुतेक कंपन्यांचा हा शिरस्ता आहे. एचआरला आधी लेखी विचारा.

मुलाच्या पुण्यातल्या कंपनीत आईवडिलांना जोडता येतं का, हेही त्याला विचारायला सांगा. येत असेल तर घ्या, पण त्या भरवशावर टॉप-अप सोडू नका. सव्विसाव्या वर्षी माणूस नोकरी बदलतो.

जाता जाता, तुमच्या खात्यातल्या कमी पगाराच्या सहकाऱ्यांसाठी. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचं ईएसआय कापलं जातं. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून जो निवृत्त होतो त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढेही घेता येते. मडगावला त्यांचं इस्पितळ आहे. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देतात, पण हे सांगायचं राहून जातं. पुढच्या महिन्यात तुमच्याकडून कुणी निवृत्त होत असेल तर त्याच्या हातून तो अर्ज भरून घ्या.