मँचेस्टरला येतोयस तर

अरे मास्टर्ससाठी युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघण्यात किती दिवस घालवणार, मँचेस्टर युनिव्हर्सिटीचं नाव आहेच, ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) तिथंच २००४ साली वेगळं केलं आणि त्यावर गाइम-नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांना २०१० चं नोबेल मिळालं, पण तुझं वर्ष कसं जाणार ते तुझ्या डिपार्टमेंटवर, तेव्हा मॉड्यूलची, म्हणजे विषयांची, यादी आधी नीट वाच. आणि मार्कांचं आपल्याकडच्यासारखं नाही हां, मास्टर्सला ७० म्हणजे डिस्टिंक्शन. मला पहिल्या एसेला ५८ पडले, घरी सांगायची लाज वाटली, आई म्हणाली बारावीला तर ९१ होते! फीडबॅक काय तर वर्णनच फार, तुझं मत कुठंय? टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम नको, व्हिसाची भानगड होते. रूम ऑक्सफर्ड रोडच्या बसरूटवर बघ. कढीपत्ता रशोम भागात मिळतो.