‘आमचा’ स्कोअर

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. सरावात आमचे ६२४ होतात, मॅचला स्कोअर ६१३ वर येतो. आदल्या रात्री जेवत नाही, सकाळी उलटी होते. मी मागे बसून प्रत्येक शॉट टिपतो आणि घरी येताना चांदणी चौकापर्यंत चुका समजावतो. रायफलला अडीच लाख घातलेत. मन खंबीर व्हायला मानसशास्त्रज्ञाकडे दोन-चार सिटिंग घ्यावीत, की नेमबाजी सोडून इंजिनीअरिंगच्या मागे लागावं? – एक पालक, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रात स्कोअर आहे, रायफलची किंमत आहे. उलटी मात्र अर्ध्या ओळीत उरकलीत. मी तिथंच अडकले. सोळा वर्षांची मुलगी दर मॅचला उपाशी उभी राहते आणि तुम्ही विचारता, सीईटी की रायफल? आधी तिला तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे न्या.

दुसरं खटकलं ते ‘आमचे ६२४’. शॉट ती मारते. पण चांदणी चौकापर्यंतची ती उलटतपासणी तिला पहिल्या शॉटपासून दिसत असणार.

‘मन खंबीर’ म्हणजे छातीत धडधड होणारच नाही, असं तुम्ही धरून चाललात. ती मोठमोठ्या नेमबाजांनाही होते. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं आणि समोर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नाडी जोरात चालली की नळी हलणारच. खरा घोटाळा पुढं होतो. एक शॉट ९.६चा, म्हणजे दहाच्या बाहेर गेला की डोकं बेरीज करायला लागतं आणि जे बोट सरावात आपसूक दाबतं, त्याच्यावर ती पहारा ठेवते. मग ते अडखळतं. यावर उपाय म्हणजे श्वास, रायफल उचलणं, थांबणं, मन भरलं नाही तर खाली ठेवणं, हा क्रम दर शॉटला तोच. तो क्रीडा मानसशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षक मिळून महिनोन्‌महिने घोटवून घेतात. दोन-चार सिटिंगमध्ये पंक्चर निघतं तसं हे निघत नाही. आणि पहिल्या सिटिंगला तुम्ही बसा, एकटे.

इंजिनीअरिंगचं म्हणाल, तर जेईई आणि एमएचटी-सीईटीला अजून बारावीचं अख्खं वर्ष आहे. रायफल आज विकायची गरज नाही.

घाई कसली आहे? बालेवाडीतच घाम गाळलेले नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेतली नोकरी सांभाळून खेळत होते. 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळालं तेव्हा ते एकोणतिशीला टेकले होते, आणि ते त्यांचं पहिलंच ऑलिंपिक.

तिला काय हवंय, याची एक ओळही तुमच्या दीड पानात नाही. कदाचित तिला खेळायचंय, फक्त तुम्ही मागे बसलेले नकोत. पुढच्या मॅचला तिला गेटवर सोडा, बाहेर चहा घ्या. येताना गाडीत स्कोअर विचारू नका, भूक लागली का ते विचारा. आणि यापुढचं पत्र तिला लिहू दे.