वाचकांचे प्रश्न: टेलिकन्व्हर्टर घ्यावा की नको?

प्रश्न (विटा, जि. सांगली): ताई नमस्कार. माझ्याकडं कॅननचा १५००डी आणि ५५-२५० लेन्स आहे. थंडीत मायणी आणि येरळवाडीच्या तलावावर पट्टकादंब येतात, दरवर्षी जातो, पण फोटोत पक्षी लईच बारीक येतात. मित्र म्हणतो २एक्स टेलिकन्व्हर्टर लाव, २५० चं ५०० होतंय, मोठ्या लेन्सवर पैसे कशाला घालवतोस. घेऊ का?

उत्तर: नको, या लेन्ससाठी अजिबात नको. आणि नुसतं नको म्हणून सोडत नाही, का ते नीट सांगते, कारण दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो आणि दुकानात याचं पूर्ण उत्तर क्वचितच मिळतं.

टेलिकन्व्हर्टर कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्सच्या मधे बसतो. त्यातल्या काचा तुमच्या लेन्सनं तयार केलेल्या चित्राचा मधला भाग घेतात आणि तोच पसरून अख्ख्या सेन्सरवर टाकतात, बस. नवीन काही त्यातून येत नाही. तेवढ्याच पिठाची मोठी भाकरी थापली तर ती पातळ होणारच की, तसा तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. १.४एक्स लावला की एक स्टॉप जातो म्हणजे प्रकाश निम्मा, २एक्स लावला की दोन स्टॉप म्हणजे पाव. तुमची लेन्स २५० ला एफ ५.६ आहे (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी), ती २एक्स लावून एफ ११ ची होणार. आता सकाळी आयएसओ (म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ४०० ला तुम्हाला १/१००० सेकंदाचं शटर मिळत असेल तर ते थेट १/२५० वर येणार, आणि ५०० एमएमला हातात धरून १/२५० नं उडता पक्षी शार्प येत नाही. मग आयएसओ १६०० करायचा, म्हणजे परत १/१००० मिळेल पण पिसांचा बारकावा ग्रेनमधे जाणार.

त्यात फोकसचा घोळ वेगळाच. १५००डी चे नऊ फोकस पॉइंट एफ ५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बनवलेत. त्यापुढं अंधार वाढला की व्ह्यूफाइंडरमधनं ऑटोफोकस लागतच नाही, नाहीतर नुसता पुढंमागं फिरत बसतो, आणि तोवर थवा उठून गेलेला असतो.

आणि मुळात कॅननचा स्वतःचा टेलिकन्व्हर्टर, ते त्याला एक्स्टेंडर म्हणतात, तुमच्या लेन्सला बसणारच नाही. त्याची पुढची काच बाहेर आलेली असते, ती मागनं लेन्सच्या आत शिरते, आणि तेवढी जागा ७०-२००, १००-४०० अशा एल सिरीजच्या मोठ्या लेन्समधेच ठेवलेली असते. जबरदस्तीनं बसवायला जाऊ नका, काचेला काच लागते. बाहेरच्या कंपन्यांचे जे काही बसतात त्यांना वरचं प्रकाशाचं आणि फोकसचं सगळं लागू आहेच. शिवाय लेन्सची प्रत्येक कमजोरी कन्व्हर्टर मोठी करून दाखवतो. ५५-२५० तिच्या किमतीला खरंच चांगली लेन्स आहे, पण दुप्पट ताणण्याइतकी नाही. ऑनलाइन दिसतात त्यातला एक प्रकार लेन्सच्या पुढं फिल्टरसारखा आट्यांवर फिरवायचा असतो, त्याला पण टेलिफोटो लेन्स असंच लिहिलेलं असतं, तो तर घेऊच नका, त्या स्वस्तातल्या काचेतनं कडेला जांभळी-हिरवी झालर येते आणि मधला भागसुद्धा मऊ पडतो.

त्यापेक्षा आधी हे करून बघा. २५० ला, एफ ७.१ किंवा ८ ला, सकाळच्या उन्हात एक बसलेला पट्टकादंब घ्या आणि कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून त्याच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे बघा. पट्ट्यांची कड स्वच्छ कापल्यासारखी असेल तर तुमच्याकडं क्रॉप करायला भरपूर माल आहे. २४ मेगापिक्सलचा फोटो १.४ पट क्रॉप केला तर १२ मेगापिक्सल उरतात, त्यात ८ बाय १२ इंचाची प्रिंट आरामात निघते. दुप्पट क्रॉप केला तर ६ उरतात, मोबाईलवर दाखवायला आणि ५ बाय ७ च्या प्रिंटला तेही पुरतात. म्हणजे कन्व्हर्टरनं जे होणार होतं ते क्रॉपनं होतंय, ते पण एफ ५.६ न सोडता आणि फोकस न गमावता. आणि पट्ट्यांची कडच फुटलेली असेल, तर जे मुळात टिपलंच गेलं नाही ते कन्व्हर्टर कुठनं आणणार?

दुसरं म्हणजे जवळ जाणं. अंतर निम्मं केलं की पक्षी दुप्पट मोठा, आणि एकही स्टॉप जात नाही. हे पक्षी मध्य आशियातनं हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात, ते आपल्या पायी दमून उडावेत असं करायचं नाही हे आधी ठरवून जा. चालत गेलात तर लांबूनच माना वर करतात. गाडीला त्या मानानं कमी बिचकतात, म्हणून गाडी उभी करून इंजिन बंद, काच खाली, काचेवर वाळूची किंवा तांदळाची पिशवी, तिच्यावर लेन्स आणि गप बसायचं. तलावाकडंच जायला पाहिजे असंही नाही, ते चरायला हरभऱ्या-गव्हाच्या रानात उतरतात, रानमालकाला विचारून बांधाला बसलात तर तलावापेक्षा जवळून मिळतील. सगळ्या माना एकदम ताठ झाल्या की समजायचं आपण जास्तच जवळ आलो, तिथंच थांबायचं.

आणि नऊ-दहाच्या आत आटपा. ऊन तापलं की पाण्याच्या कडेनं हवा लहरायला लागते, लांबच्या पक्ष्याचे पाय थरथरल्यासारखे वाकडेतिकडे येतात, तो दोष लेन्सचा नसतो आणि कितीही भारी कन्व्हर्टर लावला तरी तो मोठाच होऊन दिसतो.

पैसे साठवायचेच असतील तर कन्व्हर्टरसाठी नको, वापरलेली १५०-६०० किंवा १००-४०० बघा. वेळ लागेल, पण तो पैसा वाया जाणार नाही.

प्रश्न (सांगली): मी लग्नाचे फोटो काढतो. कॅननची ७०-२०० एफ २.८ आहे. सीझन नसताना कृष्णेवर आयर्विन पुलाच्या बाजूला नदीसुरय टिपायला जातो, सागरेश्वरला पण जायचंय. १.४एक्स घेऊ का २एक्स?

उत्तर: तुम्ही मात्र घ्या. कन्व्हर्टर बनलाय तो अशाच लेन्ससाठी. १.४एक्स लावून ती ९८-२८० एफ ४ होते आणि २एक्स लावून १४०-४०० एफ ५.६, म्हणजे २एक्सवर पण ऑटोफोकस चालू राहतो. पण माझं ऐकाल तर १.४एक्स. नदीसुरय पाण्यावर सूर मारतो तेव्हा फोकसचा वेग लागतो आणि २एक्सवर तो चांगलाच मंदावतो. सागरेश्वरला सांबर किंवा चितळ शांत उभं असेल तर २एक्स चालेल, तिथं एक स्टॉप बंद करून एफ ८ ला घ्या, फरक डोळ्याला दिसेल.

आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं जवळात जवळचं फोकसचं अंतर तेच राहतं, त्यामुळं तेवढ्याच अंतरावरनं चतुर, फुलपाखरू मोठं येतं. लग्नात मेंदीचे, दागिन्यांचे क्लोजअप घ्यायला पण उपयोग होईल.

घेताना आपली बॉडी आणि लेन्स दुकानात घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. तुमच्या बॉडीत एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट (ऑटोफोकस किंचित पुढंमागं बसत असेल तर ते दुरुस्त करायचं सेटिंग) असेल तर नुसत्या लेन्सचं आणि कन्व्हर्टर लावलेल्या लेन्सचं सेटिंग वेगवेगळं करावं लागतं, बरेच जण ते करत नाहीत आणि कन्व्हर्टर सॉफ्ट आहे म्हणून विकून टाकतात. नदीकाठी वारा असला की आधी कॅमेरा बंद करा, बॉडीचं तोंड खाली ठेवून लेन्स काढा, तिला कन्व्हर्टर लावा आणि मग दोन्ही मिळून बॉडीला.

प्रश्न (सातारा): सोनीचा मिररलेस आणि २००-६०० आहे. अजिंक्यताऱ्यावर चंद्र उगवताना घ्यायचाय, १.४एक्सनं फरक पडेल का?

उत्तर: पडेल, आणि चंद्राला प्रकाशाची अडचणच नाही. सेन्सरवर चंद्र साधारण फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएमचा आकडा) भागिले ११० एवढ्या मिलिमीटरचा येतो, ६०० ला साडेपाचच्या आसपास, ८४० ला साडेसात. एफ ६.३ चा एफ ९ होईल, पण मिररलेसवर फोकस सेन्सरवरनंच होतो त्यामुळं तो लागतो. वर आलेल्या पूर्ण चंद्राला एफ ११, आयएसओ १०० आणि १/१०० पासून सुरुवात करा. अगदी डोंगरकडेला असताना तो मंद आणि तांबूस असतो, तेव्हा शटरचा वेग दोन-तीन स्टॉप कमी ठेवावा लागेल. किल्ल्याचा आकार चंद्राबरोबर शार्प हवा असेल तर स्वतः लांब जा, दोन-तीन किलोमीटर तरी, म्हणजे दोन्हीवर फोकस एकदमच बसतो. शिवाय चंद्र तेवढाच राहतो आणि तटबंदी त्याच्यासमोर बारीक होत जाते. ट्रायपॉड जड घ्या, ८४० ला शटरचं बटण बोटानं दाबलं तरी हलतं, दोन सेकंदाचा टायमर लावा.