पडद्यामागचं विचारा : नोट्स त्यांच्या, रात्री कुणाच्या?

गेल्या महिन्यात रोटो म्हणजे काय ते या पानावर लिहिलं होतं. म्हणजे शूटिंगमधला माणूस फ्रेम फ्रेम करून हाताने कापून मागच्या सीनपासून वेगळा करायचा, तेव्हा कुठे त्याच्यामागे शहर कोसळताना दाखवता येतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यांनाच देतेय. मी स्वतः अकरा वर्षं हे काम केलंय, आधी रोटो, मग पेंट (फ्रेममधली नको ती वायर, डाग पुसायचे), मग कॉम्प (सगळे थर जोडून एक चित्र करायचं), त्यामुळे जे लिहितेय ते खुर्चीत बसून अनुभवलेलं आहे.

प्रश्न : हल्लीच्या सुपरहिरो पिक्चरमध्ये सीजी (कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं) कच्चं दिसतं. माझा मित्र म्हणतो की काम स्वस्तात इंडियात पाठवतात म्हणून असं होतं. खरंय का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक)

नाही रे. आणि हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या पोरांनी तो शॉट रात्री तीनला सबमिट केला त्यांच्यावरच खापर फुटतं.

आधी पैशाचं समजून घे. मोठा स्टुडिओ व्हीएफएक्स, म्हणजे हे कॉम्प्युटरवरचं काम करणाऱ्या, कंपनीला काम देतो ते बहुतेक वेळा ठरावीक रकमेवर, फिक्स्ड बिड म्हणतात त्याला. एवढे शॉट, एवढे पैसे, झालं. आता समज तुझ्या आईने शिंप्याकडे ब्लाउज टाकला, शिलाई ठरली, शिवून झाला आणि मग सांगितलं गळा बदला, गळा बदलला तर बाही बदला, बाही झाली तर म्हणे कापडच दुसरं देते, आणि शिलाई तीच आणि लग्न परवावर. कुठला शिंपी ऐकेल? इथे ऐकावं लागतं, कारण मोठं काम देणारे स्टुडिओ जगात मोजकेच आहेत आणि एकाला नाही म्हटलं तर पुढचे चार पिक्चर गेले. म्हणजे बदल सांगणाऱ्याला बदल जवळजवळ फुकट पडतो, आणि त्याची किंमत आर्टिस्टच्या झोपेतून वसूल होते. सगळ्या दुखण्याचं मूळ मला विचारशील तर हे आहे, बाकीचं नंतर.

सुपरहिरो पिक्चरमध्ये हे जास्त होतं कारण तिथे शॉटच प्रचंड असतात, अॅव्हेंजर्स एंडगेममध्ये अडीच हजारांच्या आसपास होते. एवढं काम एका कंपनीला झेपत नाही, ते बऱ्याच कंपन्यांत वाटतात. आणि रिलीजची तारीख वर्षभर आधी जाहीर केलेली असते, ती सहसा पुढे ढकलत नाहीत. शेवटची मारामारी कशी असेल हेच कधीकधी उशिरा ठरतं, रीशूट होतं, नवीन प्लेट (मूळ शूट केलेला तुकडा) येते, म्हणजे जुन्यावर केलेलं सगळं पाण्यात. मार्व्हल या सुपरहिरो पिक्चरवाल्या स्टुडिओने 2008 ते 2012 या पाच वर्षांत 6 पिक्चर काढले होते. 2021 आणि 2022 या दोनच वर्षांत 7 पिक्चर आणि वर 8 मालिका. काम करणारी माणसं मात्र एका रात्रीत तयार होत नाहीत, चांगला कॉम्पोझिटर, म्हणजे कॉम्प करणारा, घडायला वर्षं जातात. त्यात अँट-मॅनचा तिसरा भाग जुलै 2023 ला यायचा होता तो फेब्रुवारीवर आणला, पाच महिने आधी! आणि वाकांडा फॉरएव्हर नोव्हेंबर 2022 ला, म्हणजे दोन्हीची गर्दी एकावर एक. आता सांग, कच्चं दिसलं तर चूक कुणाची?

अजून एक उदाहरण देते. जस्टिस लीग, 2017. रीशूटच्या वेळी सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला मिशी होती, दुसऱ्या पिक्चरसाठी वाढवलेली, आणि त्या पिक्चरवाल्या पॅरामाउंटने ती काढू दिली नाही. मग मिशी कॉम्प्युटरवर काढायची ठरलं. लोकांनी त्या वरच्या ओठावर किती मीम बनवले, अजून फिरतात. पण विचार कर, माणूस बोलताना ओठाच्या वरची कातडी प्रत्येक शब्दाला हलते, ताणली जाते, सुरकुतते, तिच्यावर सावली पडते, आणि आपला मेंदू जन्मापासून चेहरेच वाचत आलाय, त्याला तसूभर चूक लगेच कळते. सगळ्यात अवघड काम आहे हे, आणि ते रीशूटनंतर उरलेल्या दिवसांत करायचं होतं. निर्णय कुणाचा आणि नाव कुणाचं खराब झालं ते बघ.

राहिला इंडियाचा प्रश्न. हॉलिवूडचं रोटो, पेंट, मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जुळवायची) मोठ्या प्रमाणात मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूत होतं, चांगल्या दिसणाऱ्या पिक्चरचंही आणि वाईट दिसणाऱ्याचंही. तेच हात आहेत. फरक त्यांना मिळालेल्या वेळेत असतो.

प्रश्न : मुलगा मालाडला रूम घेऊन राहतो, इंग्रजी सुपरहिरो पिक्चरचं काम करतो. रविवारीसुद्धा जातो, फोन केला की 'डिलिव्हरी आहे आई' म्हणतो, वजन आठ किलो उतरलंय. त्याने काम केलेला पिक्चर आम्ही सगळे सांगलीत बघायला गेलो, शेवटी नावं संपेपर्यंत उभे राहिलो पण त्याचं नाव दिसलं नाही. तो खरंच तिथे काम करतो ना? (एक आई, सांगली)

ताई, करतो. शंभर टक्के करतो, ती शंका मनातून काढून टाका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नावाचं असं आहे की स्टुडिओ प्रत्येक कंपनीला शेवटच्या पाट्यांत ठरावीक जागा देतो. समजा दोनशे लोकांनी काम केलं आणि जागा साठच मिळाल्या, तर आधी सुपरवायझर, मग लीड, मग सीनियर, आणि रोटोवाली पोरं शेवटी, म्हणजे बहुतेक वेळा नाहीतच. माझं नाव पडद्यावर पहिल्यांदा आलं तेव्हा मला या कामात पाच वर्षं झाली होती.

तो काय करतो ते सांगते, म्हणजे फोनवर बोलायला सोपं जाईल. समजा पाच सेकंदांचा शॉट आहे, म्हणजे 120 फ्रेम. हिरोइन उभी, वाऱ्यावर केस उडतायत, मागचा निळा पडदा नीट लाइट केलेला नाही. तिच्या प्रत्येक बोटाभोवती वेगळा आकार काढायचा, हात हलला की आकाराचे पॉइंट हलवायचे, हात जोरात हलून धूसर झाला तर कड किती मऊ ठेवायची ते ठरवायचं, केसांची बट बट वेगळी. पॉइंट नाचायला लागले तर कड थरथरते आणि क्यूसीवाला, म्हणजे काम तपासणारा, शॉट परत पाठवतो, त्याला किकबॅक म्हणतात. माझा एक असाच शॉट होता, केसांचाच, नऊ दिवस बसले होते त्याच्यावर, मान धरली होती, आणि दहाव्या दिवशी सकाळी कोऑर्डिनेटरने येऊन सांगितलं की शॉट ओमिट झाला. म्हणजे पिक्चरमधूनच काढला. कुणी रागावलं नाही, कुणी सॉरीही म्हटलं नाही, दुपारी दुसरा शॉट अलॉट झाला. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते.

आणि वेळ अशी विचित्र का, तर लॉस एंजेलिसला संध्याकाळ होते तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. त्यांनी दिवसभर बघून नोट्स, म्हणजे काय बदलायचं त्याच्या सूचना, पाठवल्या की त्या आपल्याकडे सकाळी पडतात आणि त्यांना नवीन व्हर्जन त्यांच्या सकाळी हवं असतं, म्हणजे आपली रात्र. लंडनचं काम असेल तर संध्याकाळी सगळं हलायला लागतं. वर मॅनडेचं टार्गेट, म्हणजे हा शॉट दोन दिवसांचा असं आधीच ठरवलेलं, त्याला तीन लागले तर तो स्लो आहे असं धरतात. म्हणून पोरं जास्तीचे तास लिहीतच नाहीत, दोनच दिवस लागले असं दाखवतात आणि रात्री बसून पूर्ण करतात. तुमचा मुलगा हे करत असेल तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

आठ किलो ही साधी गोष्ट नाही, त्याला डॉक्टरकडे न्याच, डिलिव्हरी असली तरी. आणि रागवू नका त्याच्यावर. 'नोकरी सोड' एवढंच म्हटलंत तर तो तुम्हाला सांगायचंच बंद करेल. त्याला विचारा की आज किती वाजता निघालास आणि जास्तीच्या तासांचे पैसे मिळतात का. खालचं उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न : तीन वर्षांचा बॉण्ड आहे (त्याआधी सोडलं तर कंपनी पैसे मागणार), आठवड्याला साठ-पासष्ट तास होतात, ओव्हरटाइम मागितला तर 'पॅशन नाही का तुला' म्हणतात. बाहेर युनियन झाली म्हणे, आपल्याकडे काहीच होणार नाही का? (रोटो आर्टिस्ट, मुंबई, नाव नको)

पॅशन आहे म्हणूनच तू तिथे आहेस, आणि पॅशनने रूमचं भाडं जात नाही. हे वाक्य मी पण ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसले, त्याचा आजही पश्चात्ताप होतो.

बाहेरचं आधी. हॉलिवूडच्या सेटवर कॅमेरावाल्यापासून मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या युनियन कित्येक दशकांपासून आहेत, व्हीएफएक्सवाले तेवढे उघडे राहिले. 2013 च्या फेब्रुवारीत लाइफ ऑफ पायच्या व्हीएफएक्सला ऑस्कर मिळालं आणि तो वाघ बनवणारी रिदम अँड ह्यूज कंपनी त्याच्या थोडेच दिवस आधी दिवाळखोरीत गेलेली होती, तिची ऑफिसं मुंबई-हैदराबादलाही होती. बाहेर रस्त्यावर शेकडो आर्टिस्ट पाट्या घेऊन उभे, आणि आत ते ऑस्कर घेणारा व्हीएफएक्स सुपरवायझर बिल वेस्टनहोफर स्टेजवर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर त्याच्यावर म्युझिक वाजवून माइक बंद केला. मी ते लाइव्ह बघितलंय, अंगावर काटा आला होता. त्यानंतर दहा वर्षं गेली. 2023 च्या सुरुवातीला आयाट्सी या युनियनने सर्व्हे केला, त्यात दहातल्या सात जणांनी सांगितलं की बिनपगारी जास्तीचं काम केलंय, म्हणजे हे दुखणं तुझ्या एकट्याचं नाही आणि आपल्या देशापुरतंही नाही. मग ऑगस्ट 2023 मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या पगारावर असलेल्या पन्नासेक व्हीएफएक्सवाल्यांनी युनियनसाठी अर्ज केला आणि सप्टेंबरमध्ये मतदान झालं, विरोधात एकही मत नाही. पण नीट वाच, हे मार्व्हलच्या थेट नोकरीतले लोक. तू आणि मी ज्या बाहेरच्या कंपन्यांत बसतो त्यांना ते लागू नाही, त्यामुळे ती बातमी आली म्हणून तुझी रात्र लवकर संपणार नाही.

आता तुझं. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे, त्यात जास्तीच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे आहेत आणि आठवड्याची सुट्टी आहे. बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत गाडी द्यावी लागते. मॅनेजर आणि सुपरवायझर दर्जाच्या लोकांना तासांचा भाग लागू होत नाही, म्हणून तुझ्या लेटरवर पद काय लिहिलंय ते बघ, काही ठिकाणी दोन वर्षांत 'लीड' करतात आणि पगार तेवढाच राहतो. एक साधी वही घे. रोज आलो कधी, निघालो कधी, शॉट कोणता, किकबॅक किती, एवढंच लिही. कोऑर्डिनेटरने तोंडी सांगितलं की रात्री थांब, तर त्याला चॅटवर विचार, 'आज अकरापर्यंत थांबायचंय ना?' आणि त्याचं उत्तर जपून ठेव. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जायची वेळ आली तर तिथे हेच कागद चालतात. पीएफचं पासबुक दर महिन्याला बघ, पैसे भरले जातात का ते, कारण फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्सचा मोठा ग्रुप कोसळला तेव्हा बंगळुरू-मुंबईतले तीन हजारांच्या आसपास लोक अचानक घरी बसले, एवढी मोठी कंपनी, आणि पगाराचं काय होणार तेही त्यांना कळेना.

बॉण्डवर मात्र तुला खोटा धीर देणार नाही. कंपनी तुला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, पण पैसे मागू शकते. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये मुदतीआधी सोडल्यास 2 लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती बँक होती आणि तुझी केस वेगळी असेल, म्हणून बॉण्डची कॉपी घेऊन वकिलाकडे जा, रकमेवर भांडता येतं. ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडे ठेवली असशील तर आधी ती लेखी अर्ज करून परत माग.

आणि एकट्याने मागू नकोस. आमच्या फ्लोअरवर एकदा अकरा जणांनी मिळून एकच मेल लिहिला होता, रविवारचा कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) नाही तर पैसे, दोन्हीपैकी एक द्या. तीन आठवडे काहीच झालं नाही, दोघांना केबिनमध्ये बोलावून झापलं, पण पुढच्या महिन्यापासून कॉम्प ऑफ सिस्टीममध्ये दिसायला लागला. छोटी गोष्ट आहे, पण त्या वर्षी मी गणपतीत घरी पाच दिवस राहिले.

प्रश्न : बारावी झाली. एक इन्स्टिट्यूट व्हीएफएक्सच्या कोर्सचे अडीच लाख मागतेय, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतात. घेऊ का? (लातूर)

लगेच नको घेऊस. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या पाच जणांचे नंबर माग आणि त्यांना स्वतः फोन करून विचार की पहिला पगार किती होता, बॉण्ड होता का आणि काल घरी किती वाजता पोचलात. इन्स्टिट्यूट नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांब. आणि फी भरायच्या आधी महिनाभर घरीच मोबाइलवर कुणाचातरी चालतानाचा व्हिडिओ काढून त्याचं रोटो करून बघ, ब्लेंडर फुकट आहे, त्यात होतं. पन्नासाव्या फ्रेमलाही बोटं नीट कापावीशी वाटली तर मला परत लिही, तुझा शॉट बघून सांगते.