बेकरीच्या भट्टीवर कर लावावा की बंदी घालावी?

तुम्ही विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. टीवायबीएच्या पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये मात्र प्रदूषणावर कर हा बंदीपेक्षा सरस उपाय म्हणून शिकवतात. मग कोर्टाचं चुकलं, की पुस्तक मुंबईला लागू होत नाही?

माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुस्तकातल्या कराला एक अट असते आणि ती वर्गात घाईघाईत सुटते: कोण किती धूर सोडतो, हे मोजता आलं पाहिजे. प्रदूषण नियंत्रणाच्या कुठल्याही धोरणाबद्दल मी हाच प्रश्न आधी विचारतो. मोजणार कोण, कसं, आणि त्या मोजणाऱ्याचा पगार कोण देतं?

आधी कराची बाजू नीट मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. लादीपावाच्या किमतीत मैदा, यीस्ट, मजुरी, लाकूड सगळं धरलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचा दम्याचा औषधखर्च त्यात नसतो. हा बाह्य खर्च किमतीत आणायचा तर तेवढा कर लावा, ही अर्थतज्ज्ञ आर्थर पिगूची १९२० मधली मांडणी. इथवर सगळ्यांना पटतं. पण कराचं खरं बळ गणितात दिसतं, म्हणून ते एकदा हाताने सोडवाच.

समजा दोन भट्ट्या आहेत, अ आणि ब. (आकडे माझे, उदाहरणापुरते.) दोघींचा मिळून धूर १०० एककांनी कमी करायचा आहे. अ रुंद रस्त्यावर आहे, गॅसची लाइन दारात आली आहे. तिला पहिलं एकक कमी करायला १ रुपया लागतो, पन्नासाव्याला ५०, असा खर्च चढत जातो. ब अरुंद गल्लीत आहे. तिचा खर्च तिप्पट वेगाने चढतो: पहिल्याला ३, पन्नासाव्याला १५०. दोघींना ५०-५० चा सारखा हुकूम दिला, तर आलेखावरच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळाने (५० × ५० ÷ २ आणि ५० × १५० ÷ २) खर्च येतो १२५० आणि ३७५०, एकूण ५००० रुपये. आता हुकमाऐवजी एककाला ७५ रुपये कर लावा. अ ७५ एककं कमी करेल, कारण तिथवर धूर कमी करणं कर भरण्यापेक्षा स्वस्त पडतं. ब २५ वर थांबेल आणि उरलेल्या धुरावर कर भरेल. खर्च झाला २८१२.५० आणि ९३७.५०, एकूण ३७५०. धूर तेवढाच घटला, खर्च मात्र पाव हिश्शाने उतरला. कराची रक्कम यात धरलेली नाही, कारण ती मालकाकडून सरकारकडे गेली, समाजाच्या हातून गेली नाही.

यातली सुंदर गोष्ट अशी की कुणी किती धूर कमी करायचा हे वाटून द्यायला अधिकाऱ्याला अ आणि ब यांचा वेगवेगळा खर्च माहीत असायची गरजच पडली नाही. मालकाला स्वतःचा खर्च माहीत असतो आणि तो त्यानुसार वागतो. परीक्षेत बरेच जण ‘कराने सरकारला महसूल मिळतो’ एवढंच लिहून थांबतात. त्यापुढे अधिकाऱ्याला प्रत्येकाचा खर्च माहीत असावा लागत नाही हे वाक्य लिहा, गुण त्यातच आहेत.

कर आणि दंड यांत गल्लत होते, तेही इथेच सांगतो. दंड रेषा ओलांडल्यावर बसतो. रेषेच्या आत राहणाऱ्याला आणखी कमी करण्याचं काही कारण उरत नाही. कर प्रत्येक एककावर बसतो, त्यामुळे चांगला कारखानाही आणखी चांगला होण्याचा विचार करतो. २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीत पहिल्या वेळेला ५००० रुपये होते, तो दंड. एक बाळगा की शंभर पिशव्या, पावती तेवढ्याचीच.

आता भट्टीकडे येऊ. बेकरीच्या धुराड्यात मीटर नाही आणि शहरभर विखुरलेल्या एवढ्या छोट्या भट्ट्यांत तो बसवणं परवडणारही नाही. धूर मोजता येत नसेल तर इंधनावर कर लावा, असा दुसरा मार्ग पुस्तकात असतो. पेट्रोलवर तो जमतो, २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला तोही जमला, कारण ही इंधनं मोजक्या दारांतून बिलासकट बाहेर पडतात. बेकरीतलं लाकूड बऱ्याचदा भंगारातून येतं: मोडलेलं फर्निचर, पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे. त्याला ना बिल, ना वजनाची नोंद. शिवाय रंग आणि लॅमिनेट लागलेलं लाकूड साध्या सरपणापेक्षा जास्त विषारी जळतं, म्हणजे किलोवर सरसकट कर लावला तरी तो चुकीच्या जागी बसणार. अशा ठिकाणी निरीक्षकाला डोळ्यांनी दिसेल असा नियम हवा. भट्टीत लाकूड आहे की नाही, हे दारात उभं राहून कळतं. म्हणून इथे इंधन बदलण्याचा सरसकट आदेश अर्थशास्त्रातही बसतो. ५००० विरुद्ध ३७५० या हिशेबातली बचत मोजमापाच्या खर्चातच संपून जाते.

दुसरं कारण जागेचं. भट्टी भायखळ्याच्या गल्लीत असेल तर धूर थेट वरच्या खोल्यांत शिरतो. ब कर भरून मोकळी झाली तर शहराची बेरीज बरोबर येईल, पण तिच्या डोक्यावर राहणाऱ्यांना काहीच मिळणार नाही.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोझचं म्हणणं यात कुठे बसतं, असं तुम्ही विचारलंत. एक चाळ आणि तळमजल्यावरची एक बेकरी असेल तर हक्क कुणाचा हे ठरल्यावर दोघं आपसांत तोडगा काढू शकतील. धूर अख्ख्या वॉर्डात पसरतो आणि त्यात शेकडो भट्ट्या, गाड्या, बांधकामं मिसळतात, तेव्हा वाटाघाटीचा खर्चच डोंगराएवढा होतो. १९६० च्या त्या लेखात स्वतः कोझने हा खर्च फार महत्त्वाचा मानला आहे.

आता उलट बाजू, जिथे बंदी आणि सरसकट हुकूम खरोखर कमी पडतात: मोठी धुराडी. इथे सुरतचं उदाहरण पाठ असू द्या. २०१९ मध्ये गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या कोळसा जाळणाऱ्या सुमारे ३०० कारखान्यांपैकी, बहुतेक कापड प्रक्रियेच्या, निम्म्यांच्या धूलिकणांवर परवान्यांचा बाजार सुरू केला. धुराड्यात सतत मोजणारी यंत्रं बसवली, सगळ्यांचा मिळून किती किलो सोडता येईल याची मर्यादा ठरवली आणि परवाने विकत घ्या-विका म्हटलं. कोण बाजारात जाणार आणि कोण जुन्या नियमांखाली राहणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना विश्वासार्ह आहे. बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलं. जुना नियम घनमीटर हवेतल्या मिलिग्रॅमवर होता. धुरात जादा हवा मिसळली की आकडा खाली येतो आणि भट्टी किती तास चालली हे तो विचारतच नाही. किलोत मोजायला लागल्यावर ही पळवाट बंद झाली.

त्याच राज्यातला आणखी एक प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कारखान्याची तपासणी करणाऱ्या ऑडिटरला पैसे तोच कारखाना द्यायचा. अहवालांत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे ७ टक्के दिसत होते. स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा ते ५९ टक्के निघाले. मग काही कारखान्यांपुरतं ऑडिटर नेमणं आणि पैसे देणं मध्यवर्ती निधीकडे दिलं, अधूनमधून फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे यायला लागले आणि प्रदूषणही उतरलं. मर्यादा तीच होती, कायदाही तोच होता. ज्यांना पर्यावरण सल्लागार म्हणून नोकरी करायची आहे त्यांनी हा निकाल नीट वाचावा. आमच्या क्षेत्रात ‘रिपोर्ट लिमिटमध्ये बसवा’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि त्याची किंमत मुंबईतल्या रिफायनऱ्यांशेजारच्या चेंबूर-माहुलसारख्या वस्त्यांतली माणसं श्वासातून मोजतात.

महाराष्ट्रात काय आहे? कन्सेंटची, म्हणजे कारखान्याने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घेण्याची, पद्धत आहेच. २०१७ पासून कारखान्यांच्या धुराड्यांची मोजमापं उघड करून त्यांना १ ते ५ स्टार देण्याची योजना आली. आणि एक साधन पुस्तकात क्वचित दिसतं, मंडळ मात्र ते सर्रास वापरतं: बँक गॅरंटी, म्हणजे कारखान्याने मंडळाकडे आधीच ठेवलेली बँकेची हमी. अटी पाळल्या नाहीत तर ती जप्त होते. कोर्टाची वर्षं वाट न पाहता पैसा आधीच अडकलेला असतो, म्हणून ती मालकाला लागते. बांधकामाच्या धुळीचं मोजमाप भट्टीइतकंच अवघड, त्यामुळे महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये उंच प्रकल्पांभोवती ३५ फुटी पत्रे लावायला सांगितले, ते योग्यच होतं. पत्रा रस्त्यावरून दिसतो.

शेवटचा तुमचा मुद्दा: बेकरीवाल्यांना गॅस घेण्यासाठी मदत द्यावी का? सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या वेल्लोर निकालापासून ‘प्रदूषकाने किंमत मोजावी’ हे आपल्या कायद्यातलं तत्त्व आहे, त्यामुळे अनुदान म्हटलं की उलटं वाटतं. दर महिन्याला इंधनावर अनुदान दिलं तर मी विरोधच करेन, कारण त्याने पाव कृत्रिमरीत्या स्वस्त राहतो आणि पैसा कायमचा बांधला जातो. भट्टी बदलण्यासाठी एकदाच, कमी व्याजाचं कर्ज किंवा ठरावीक रक्कम द्यायला माझी पूर्ण संमती आहे. पाव हे या शहरातल्या कामकऱ्यांचं जेवण आहे. छोट्या बेकरीवाल्याकडे एकरकमी भांडवल नसतं, आणि मुदत संपल्यावर तो भट्टी चोरून चालवायला लागला तर वरच्या खोल्यांतला धूर तसाच राहील. मदतीला अट एकच घाला: जुनी भट्टी फोडल्याचं पाहून मगच पैसे.