दुधाळ झालेला हॉट टब आणि पाव किलो सोडा

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे धरतात म्हणून गच्चीवर बाराशे लिटरचा हॉट टब बसवला. पाणी बोअरचं. पाणी तपासायच्या पट्टीवर पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ८.२, अल्कलिनिटी ३०० आणि कठीणपणा (कॅल्शियमसारखे क्षार) ५०० आला; दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आम्ल टाकून पीएच उतरवला, तर दोन दिवसांत पुन्हा वर. ‘आधी खायच्या सोड्यानं अल्कलिनिटी सावरा’ असं वाचलं, म्हणून पाव किलो सोडा टाकून हीटर लावला. तासाभरात पाणी ताकासारखं झालं! आता काय करू?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, त्या सोड्याची तुमच्या टबाला गरजच नव्हती. जिथलं पाणी मऊ असतं, तिथल्या लोकांसाठी तो सल्ला ठीक आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, म्हणून आपण चिमूटभर सोडा टाकतो. टबाचं गणित उलटं आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखात्यात मी बत्तीस वर्षं पाणी तपासलं. एकदा पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर यंत्राचं मीठ संपलं आणि रात्रपाळीनं बोअरचं पाणी तसंच रंगाला लावलं. सकाळी मरून रंगाच्या टॉवेलांवर चट्टेच चट्टे. तेव्हापासून पट्टी बघितल्याशिवाय मी पाण्यात काही टाकत नाही.

अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानानं पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. गोटी सोड्याची बाटली हलवली की गॅस जातो, तसाच टबाचे जेट (पाण्याचे फवारे) सुरू झाले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी ३०० असेपर्यंत तो चढतच राहणार. तुम्ही आम्ल टाकून पीएच खाली ओढत होतात, पण मूळ तसंच होतं. त्यात पाव किलो सोड्यानं अल्कलिनिटी आणखी सव्वाशेनं वाढवली. वरून उष्णता. पाण्यातल्या कॅल्शियमचा चुना झाला, तेच तुमचं ताक. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोही हाच. उरलेला तुमच्या टबाच्या हीटरवर बसला असेल.

हे पाणी सुधारत बसू नका. हीटर बंद करून टब रिकामा करा. नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला मी काय सांगायचं? त्यामुळे ते गटारात सोडू नका. संडासाला, गाडी धुवायला वापरा. झाडांना मात्र नको.

नवं पाणी भरताना भेसळ करा. ४०० लिटर बोअरचं आणि ८०० लिटर आरओचं. जारवाल्याकडून टेम्पोवरच्या टाकीत मागवलं तर चाळीस जार उचलायला नकोत. कठीणपणा १६५च्या आसपास आणि अल्कलिनिटी शंभराच्या आसपास येईल. हव्यात अनुक्रमे १५० ते २५० आणि ८० ते १२०. नुसतं आरओचं भरू नका, तसं पाणी धातू खातं. सॉफ्टनरनं भागेल का, असं बरेच जण विचारतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, अल्कलिनिटीला हात लावत नाही. पीएचची कटकट तशीच राहते.

भरल्यावर आधी अल्कलिनिटी बघा, मग पीएच; ७.२ ते ७.८ मध्ये असला की पुरे. अल्कलिनिटी जास्तच आली, तर बाराशे लिटरला ती दहानं उतरवायला साधारण ३० ग्रॅम ड्राय आम्ल (सोडियम बायसल्फेटची पूड) लागतं. बादलीभर पाण्यात आम्ल टाका. आम्लात पाणी कधीही ओतू नका. जेट सुरू ठेवून थोडं थोडं सोडा, तासाभरानं पुन्हा पट्टी. लिंबूसत्व टबात नको, क्लोरीन त्यालाच खात बसतं. पण फिल्टरवरचा चुन्याचा थर काढायला लिंबूसत्वाचं पाणी छान. फक्त आधी फिल्टरचं तेल साबणानं काढून घ्या.

तेलावरून आठवलं. सासूबाई गुडघ्यांना तेल चोळून टबात उतरत असतील, तर आधी आंघोळ. नाहीतर फेस आणि कळकट कडा ठरलेल्या. आणि नवा कोरा टॉवेल टबाशेजारी नको. आमच्याच मालाचे धागे फिल्टरमधून उपसलेत मी.

पाणी ४० अंशांपुढे नेऊ नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : टबाला क्लोरीनचा उग्र वास येतो, म्हणून आठवडाभर क्लोरीन टाकलंच नाही. बरोबर ना?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. तो वास घाम, तेल यांच्याशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा. म्हणजे क्लोरीन कमी पडलंय. डायक्लोर नावाच्या क्लोरीनची पूड वापरा: बाराशे लिटरला ६ ग्रॅम टाकली की पट्टीवर क्लोरीनचा आकडा तीननं वाढतो. मोकळं, म्हणजे कशाशी न जोडलेलं क्लोरीन तीन ते पाच ठेवा, पण पीएच सांभाळून. आठच्या वर ते जेमतेम पाव जोरानं काम करतं. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या टबात टाकू नका, त्या फार आम्लधर्मी असतात. दोन वेगळ्या जातीची क्लोरीनं एका भांड्यात कधीही मिसळू नका, आग लागते. अंगावर लाल पुरळ उठला असेल तर डॉक्टरांना दाखवा. कोमट आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यात त्याचे जंतू वाढतात. आठवडा गेलाय, तेव्हा हे पाणी बदला, फिल्टर धुवा आणि पट्टी ठीक येईपर्यंत नातवंडांना टबाजवळ फिरकू देऊ नका.