आईच्या पोटात पाणी आहे, सीए-१२५ वाढलंय. तुकडा काढला तर आजार पसरेल का?

तुमच्या मामांसारखे एक भाऊजी आमच्याही घरात आहेत, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय की आई अठ्ठावन्न वर्षांच्या, पोटात पाणी, सीटीमध्ये ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड झालेलं, रक्ताच्या तपासणीतलं सीए-१२५ चारशेच्या वर. सर्जन म्हणतात आधी दुर्बिणीतून बघून तुकडा काढू. मामा म्हणतात हत्यार लागलं की पसरतो, करायचंच तर एकदम मोठं ऑपरेशन करून मोकळे व्हा. माझं उत्तर: तुकडा काढा.

माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. पोट फुगत गेलं आणि बाकी अंग वाळत गेलं. आधी गॅस म्हणून ओवा-हिंग, मग ॲसिडिटीच्या गोळ्या. संध्याकाळी बारीक कणकण यायची, ती त्यांनी कुणाला सांगितलीच नाही. विचारल्यावर म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं?" सीटी झालं. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं की ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता आहे, तपासून खात्री करावी. भाऊजींनी पहिला अर्धा भाग वाचला आणि घरच्या ग्रुपवर 'थर्ड स्टेज' टाकून मोकळे झाले. जवळच्या एका हॉस्पिटलात गर्भाशय, ओव्हरी सगळं काढायची तारीखही घेऊन आले. तुकड्याचं नाव काढलं की त्यांच्या मित्राचे वडील यायचे: "बायोप्सी केली आणि तीन महिन्यांत गेले." आता ज्याचा आजार तीन महिन्यांत नेण्याइतका पुढे गेलाय, त्याला बायोप्सीने नेलं म्हणायचं? पण घरातल्या सुनेने हे विचारायचं नसतं. मी विचारलं. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी नीट बोलत नव्हते.

सीए-१२५ साधारण ३५ च्या आत असतं. सासूबाईंचं पाचशेच्या पुढे होतं, आणि सगळे त्या आकड्याला घाबरले होते. पण पोटाच्या आतला पडदा कशानेही सुजला की हा आकडा चढतो. टीबी, एंडोमेट्रिओसिस, लिव्हर खराब होऊन झालेलं पाणी, काहीही. पडदा बिघडलाय एवढं तो सांगतो, कशाने बिघडलाय ते सांगत नाही.

शेवटी नवऱ्याने माझी बाजू घेतली आणि आम्ही मिरजेला एका कॅन्सर सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी सुईने पाणी काढलं. बारीक नळीतून बाटलीत उतरणारं ते पिवळसर पाणी मी बघत उभी होते. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, एडीए (त्याच पाण्यात मोजतात ते एक एन्झाइम) मात्र वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, एडीए टीबीकडे बोट दाखवतंय, पण पेशी दिसल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही, मला आत बघू दे. मग दुर्बीण. नंतर त्यांनी स्क्रीनवर फोटो दाखवले. पडदा, आतडी, लिव्हरच्या वर, सगळीकडे भिजवलेला साबुदाणा चिकटल्यासारखे पांढरे दाणे. माझे पाय लटपटले. ते म्हणाले, "कॅन्सरही असाच दिसतो आणि टीबीही. म्हणून तर तुकडा घेतला."

रिपोर्ट आला केसिएटिंग ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबी. सहा महिने गोळ्या घेतल्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, तो रिफाम्पिसिनचा रंग. पाणी आटलं, सीए-१२५ उतरलं, ओव्हरी आणि गर्भाशय जागच्या जागी आहेत. आणि भाऊजी? ते हल्ली लग्नकार्यात सांगतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं कॅन्सर नाही." ग्रुपवरचा तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

आमच्याकडे टीबी निघाला म्हणून तुमच्याकडेही निघेल असं मात्र धरून बसू नका. या वयात हे चित्र अनेकदा कॅन्सरचंच निघतं. उलटी चूकही लोक करतात: तुकडा न घेता टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आणि कॅन्सरला मोकळं रान द्यायचं.

आणि कॅन्सर निघाला तर तो कुठून आलाय यावर पुढचं सगळं ठरतं. ओव्हरीचा असेल तर जिथे जिथे दाणे आहेत तिथून सगळं काढणं, मागे काही न ठेवणं, हे खरं ऑपरेशन. ते पहिल्या फटक्यात जमणार नसेल तर आधी केमो देतात, बहुतेक वेळा तीन डोस, आणि मग ऑपरेशन. अपेंडिक्सचा जेलीसारखा आजार असेल तर ऑपरेशन करून पोटात गरम केमो फिरवतात. जठराचा पोटभर पसरलेला असेल तर सहसा मोठ्या ऑपरेशनचा उपयोगच होत नाही. न बघता पोट उघडलं तर यातलं काय समोर येईल ते मामा सांगणार आहेत का? दुर्बिणीतून बघताना सर्जन पोटाचे १३ भाग धरून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात, जास्तीत जास्त ३९. ऑपरेशनने सगळं निघेल की नाही याचा अंदाज त्यावरून येतो.

गरम केमोचं हल्ली फार ऐकाल. केमोनंतर ऑपरेशन केलेल्या तिसऱ्या स्टेजच्या ओव्हरीच्या २४५ बायकांवर हॉलंडमध्ये अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. त्यात सरासरी आयुष्य सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ च्या जवळ गेलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात मात्र आयुष्य वाढलं नाही. तेव्हा आधी पॅकेजचा दर न विचारता कुठला कॅन्सर आहे ते विचारा. पॅथॉलॉजीकडून स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, टाटाला किंवा दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर लागतो.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आणि मामांचं कुठे बरोबर आहे तेही सांगते, नाहीतर तेच खाली कमेंटमध्ये लिहितील. गाठ फक्त ओव्हरीत असेल, पाणी नाही, बाहेर कुठे काही नाही, तर तिला सुई लावत नाहीत. अखंड बाहेर काढतात, कारण ऑपरेशनमध्ये फुटली तर पहिल्या स्टेजमध्येच ती ए वरून सी मध्ये जाते. दुर्बिणीच्या छिद्राजागीही कधी कधी गाठ उगवते, म्हणून जाणकार सर्जन छिद्रं पोटाच्या मधल्या रेषेत घेतात, पुढच्या ऑपरेशनमध्ये तेवढी कातडी काढून टाकता येते. हे तुमच्या सर्जनना जरूर विचारा. पण तुमच्या आईंच्या सीटीत ओमेंटम आधीच जाड आहे. कॅन्सर असलाच, तर तो पसरायचा तेवढा तुकड्याआधीच पसरलाय.